सासूबाईंनी पाणबुडी तपासली

आमच्या घरात होडीला परवानगी बाई देते. म्हणजे माझ्या सासरी. माझ्या माहेरी होडी फक्त पाठ्यपुस्तकात होती. तिथं पाणी टँकरनं यायचं आणि कोणी बुडावं इतकं ते कधीच नसायचं. सासर मात्र बेलापूरजवळच्या दिवाळे गावचं, खाडीला लागून, पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारं. नवी होडी आली की घरातली सगळ्यात मोठी बाई आधी तिच्यावर चढते. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चालत जाते, ठोकून बघते, काठ हलवून बघते, आणि उतरून म्हणते, बरी हाय. तिनं म्हटल्याशिवाय घरातला एकही पुरुष त्या होडीत पाय टाकत नाही. सासूबाईंनी एकदा माझ्या दिराची नवीकोरी फायबरची होडी नापास केली होती. दिरानं ती खरंच परत केली, आणि वर बनवणाऱ्याशी भांडलासुद्धा.

माझा मुलगा नेव्हीत आहे. तो सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये वाढला असं आम्ही म्हणतो, पण ते कागदावर. मी नेरूळला शाळेत गणित शिकवते, नवरा बेलापूरला ऑफिसात. आम्ही दोघं कामावर गेलो की पोरगं दिवसभर दिवाळ्याच्या बाजारात आजीच्या टोपलीशेजारी बसलेलं असायचं. गिऱ्हाईकाला "ताजी हाय" सांगायला ते बाराखडीच्या आधी शिकलं. नवरा कोळ्याचा असून त्याला जेट्टीवर नुसतं उभं राहिलं तरी मळमळतं. समुद्रानं बहुधा त्याचा नाद सोडला आणि सरळ पुढच्या पिढीला धरलं.

तर एका रविवारी आम्ही दिवाळ्याला असताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो विशाखापट्टणमला होता. म्हणाला, पाणबुडीसाठी नाव द्यायचंय. तिथं कोणाला जबरदस्तीनं पाठवत नाहीत, ज्याला जायचं त्यानं आपणहून नाव द्यायचं. सासूबाई कोलंबी सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही, मान वर केली नाही.

"जी आपल्या मनानं बुडते, ती होडी कसली?" म्हणाल्या, आणि फोन उचलून पालथा घातला. मुलाला पलीकडे बराच वेळ नुसता अंधार दिसत होता. पाणबुडीचा सराव म्हणून ते ठीकच झालं.

मी त्यांच्या शेजारी कोलंबी सोलायला बसले. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. जे मला म्हणायचं होतं ते म्हातारीनं एका वाक्यात म्हणून टाकलं. मला स्वतःला नको म्हणता येत नव्हतं, ही माझी पंचाईत. मुलाला जे आवडेल ते करू द्यावं, आपली भीती त्याच्या डोक्यावर टाकू नये, अशी भाषणं मी आमच्या सोसायटीतल्या निम्म्या आयांना दिली होती. लिफ्टमध्ये दिली होती, पार्किंगमध्ये दिली होती. आता मीच कोणत्या तोंडानं रडू? पण सासूबाई होत्या ना. त्यांना कसली भाषणं नि कसलं काय.

मुलगाही त्याच आजीचा. त्यानं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की आजीनं बोट बघावी. ती बरी म्हणाली तर नाव देईन, नाही म्हणाली तर विषय संपला. देशाच्या आरमारात कोण कुठं जाणार हे दिवाळ्याच्या मासळीबाजारात ठरणार होतं. त्याच्या साहेबांना याची कल्पना नसावी.

अडचण अशी की चालू पाणबुडी कोणाच्या आजीला दाखवत नाहीत. मग मुलानंच तोड काढली. तिथं समुद्रकिनाऱ्यावर एक जुनी, निवृत्त झालेली पाणबुडी आणून ठेवली आहे, आता तिचं म्युझियम केलंय, तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतं. हे ऐकून मी इतक्या उत्साहानं रेल्वेची तिकिटं काढली की नवऱ्याला वाटलं, मी मुलाच्या बाजूनं आहे. मी कशाला असेन? नवीकोरी फायबरची होडी नापास करणारी बाई जुनं लोखंड पास करेल, हे शक्यच नव्हतं. विमानानं जाऊ असं नवरा म्हणाला होता. सासूबाईंनी सांगितलं, एकाच फेरीत आभाळात पन जायाचं आनि पान्याखाली पन, ते जमनार नाय. एक कायतरी करा.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. रस्त्याच्या कडेला वाळूत सिमेंटच्या ओट्यांवर ती पाणबुडी ठेवलेली. काळी, लांबलचक, आणि भलतीच गंभीर. तिच्या बाजूला एक बाई मक्याची कणसं भाजत होती. सासूबाई खाली उभ्या राहून वरपासून खालपर्यंत बघत होत्या. ही पान्यात का नाय, त्यांनी विचारलं. मुलानं सांगितलं की रिटायर झाली. सासूबाईंना हे पटलं नाही. त्या सत्तरी ओलांडून अजून रोज बाजारात बसतात, त्यामुळे रिटायर होणं त्यांना मुळातच आळशीपणाचं वाटतं. मी मनात म्हटलं, चला, पहिला मार्क गेला.

आत जायला लोखंडी जिना होता. जिन्याच्या पायथ्याशी सासूबाईंनी चपला काढल्या, पाणबुडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि अनवाणी चढायला लागल्या. होडीवर चप्पल घालून चढत नाहीत, ती लक्ष्मी असते. मुलगा म्हणाला, आजी, इथं काढायची गरज नाही. त्यावर सासूबाईंनी त्याच्या बुटांकडे असं बघितलं की त्यानं निमूट बूट काढले. मात्र नेव्हीतली शिस्त म्हणा किंवा काय, त्यानं ते हातात घेतले. मी आणि नवऱ्यानं आपल्या चपला सासूबाईंच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवल्या.

इथंच घोळ झाला. आमच्या मागून सहलीची एक बस आली होती, सगळे ज्येष्ठ नागरिक, सगळे मराठी. त्यांनी जिन्याखाली तीन जोड चपला बघितल्या. आपल्या माणसाला दारात चपला दिसल्या की तो प्रश्न विचारत नाही. सगळ्यांनी भराभर चपला काढल्या. एका आजोबांनी तर डोक्यावरची टोपीही काढली. त्यांच्या मागे एक पंजाबी कुटुंब होतं, त्यांनीही काढल्या. जिन्यावरून मी वळून बघितलं तर खाली एखाद्या देवळाबाहेर असावा तसा चपलांचा ढीग झाला होता, आणि कणसं भाजणारी बाई आपली टोपली उचलून त्याच्या जवळ येऊन बसली होती.

आत एक गाइड होते, स्वतः कधीकाळी पाणबुडीवर काम केलेले. माहिती त्यांना तोंडपाठ होती. फारच तोंडपाठ. मध्ये कोणी टोकलं तर त्यांना पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. आणि सासूबाई दर दोन वाक्यांनी टोकत होत्या. मच्छी किधर रखता? गाइड म्हणाले, माताजी, हे मासेमारीचं जहाज नाही, आणि मग पुन्हा "आप सब का स्वागत है" पासून सुरू झाले. बरफ किधर रखता? पुन्हा स्वागत. ज्येष्ठ नागरिकांचं तिथं इतक्या वेळा स्वागत झालं की शेवटी एक काकू दर वेळी नमस्कार करायला लागल्या.

पुढच्या भागात टॉर्पेडो होते, आणि त्यांच्यावर, अक्षरशः त्यांना लागून, झोपायच्या फळ्या. एका फळीवर खलाशाच्या वेशातला पुतळा झोपवला होता. सासूबाईंनी त्याला बोटानं टोचून बघितलं आणि दिवसाढवळ्या झोपल्याबद्दल नाक मुरडलं. मी त्या फळीची लांबी बघत होते. माझा मुलगा उंच आहे. त्या फळीवर त्याचे पाय मावणं शक्यच नव्हतं, हे मी मनातल्या मनात मांडून बघितलं आणि त्याला विचारलं. तो म्हणाला, दुमडून झोपायचं, आणि आताच्या बोटी मोठ्या असतात. मला एकदम रडू आलं. पाय दुमडून. घरी त्याच्यासाठी आम्ही मुद्दाम लांब पलंग करून घेतला होता.

पुढं जायला गोल दारं होती. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेलं शरीर. सासूबाई काष्टा घातलेल्या, होड्यांवर आयुष्य गेलेल्या, त्या फटकन पलीकडे गेल्या. मी नवी साडी नेसून आले होते. माझा एक पाय पलीकडे, एक अलीकडे आणि निऱ्या कुठल्याशा खिळ्याला अडकलेल्या, अशी मी त्या दारात बसले. मागे ज्येष्ठ नागरिकांची रांग थांबली. भिंती जवळ आल्यासारख्या वाटायला लागल्या. मी जमिनीवर ठेवलेल्या बोटीत होते, बाहेर कणसं भाजत होती, हे सगळं मला माहीत होतं, तरी मी दाराची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आणि वर पाणी असलं तर? मुलानं खाली बसून निऱ्या सोडवल्या आणि मला हात धरून पलीकडे घेतलं.

मधल्या खोलीत नुसती चाकं, नळ्या आणि घड्याळं. तिथं मुलगा मला समजावून सांगायला लागला. हे फिरवलं की पाणी आत घ्यायचं, हे फिरवलं की बाहेर टाकायचं, ह्यानं बोट वर येते. मी एक अक्षरही ऐकलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. शाळेत असताना माझ्या गणितावर हे पोरगं जांभया द्यायचं. इथं ते एका गंजक्या चाकाविषयी असं बोलत होतं की जणू ते चाक त्याचं कोणी लागतं.

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. त्या गाइडना गाठून उभ्या होत्या.

"कठडा किधर है?" त्यांनी विचारलं.

गाइडना कळेना. मुलानं दुभाष्याचं काम केलं. गाइड म्हणाले, पाण्याखाली असताना बाहेर कोणी जात नाही, कठडा कशाला लागतो? सासूबाईंनी हे डोक्यात घेतलं. मग सगळ्या बसच्या देखत, चांगल्या बाजारातल्या आवाजात त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"रात को पेशाब को किधर जाता?"

ज्येष्ठ नागरिक खुसखुसले. नवऱ्यानं एका घड्याळात तोंड घातलं. गाइड बिचारे आम्हाला एका अरुंद दाराशी घेऊन गेले. आत छोटासा संडास होता. सासूबाई आत गेल्या. आतून दार लावून बघितलं, उघडून बघितलं, कडी हलवली, भिंत ठोकली. त्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीसमोर इतका वेळ थांबल्या नव्हत्या. मागची रांग हसत होती, नंतर हसायची थांबली, कारण काही ज्येष्ठांना खरोखरच जायचं होतं आणि गाइड त्यांना सांगत होते की हा फक्त बघायचा आहे.

तिथून बाहेर आल्यावर त्यांनी मला भावाचं सांगितलं, हळू, फक्त मला ऐकू जाईल असं. त्यांचा भाऊ समुद्रात गेला हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. कसा गेला हे घरात कोणी बोलत नसे. मला वाटायचं, वादळ वगैरे असेल. वादळ नव्हतं. समुद्र ताटासारखा होता. तो रात्री उठला, लघवीला होडीच्या काठावर उभा राहिला, आणि बाकीचे झोपलेले. सकाळी उठून बघतात तर तो नाही. "आवाज पन नाय आला कोनाला," सासूबाई म्हणाल्या. "येवढ्याशा कामासाटी गेला माजा भाव." मग पदरानं नाक पुसून त्या पुढच्या गोल दारातून पलीकडे गेल्या. मी त्यांच्या मागून जाताना मला पहिल्यांदा वाटलं की माझं काही खरं नाही.

बाहेर पडायचा जिना दुसऱ्या टोकाला होता. तो उतरलो आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की चपला त्या टोकाला आहेत. वाळू तव्यासारखी तापलेली. रखवालदार आतून मागे जाऊ देईना, कारण वाट एकतर्फी आणि आतून अजून माणसं येतच होती, तीही अनवाणी. टोपी काढलेले आजोबा ती टोपी पायाखाली घालून उभे होते. पंजाबी कुटुंबातला माणूस मला विचारत होता की हा तुमचा धार्मिक नियम आहे का. मी म्हटलं, हो, आता काय करणार. नवरा सगळ्यांच्या वतीनं उड्या मारत चपला आणायला निघाला, आणि त्याच्यामागून ती सगळी बस उड्या मारत गेली.

आम्ही तिघं पाणबुडीच्या सावलीत एका ओट्यावर बसलो. मुलानं बूट घातले.

"बोट बरी हाय," सासूबाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आई, नीट बघितलंत का? खिडकी नाही, कठडा नाही, झोपायला जागा नाही, बाहेर पडायला वाट नाही. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, बाहेर पडायला वाट नाय, म्हनूनच तं. पडंल कुठं पोरगं? रातीचं उठलं तरी आतच ऱ्हानार. असली होडी मी जल्मात नाय बघितली. मी गणिताची बाई. या युक्तिवादात कुठंतरी मोठी चूक आहे हे मला दिसत होतं, पण भाऊ असा गेलेल्या बाईला ती फळ्यावर काढून दाखवणार कशी?

मुलाचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. तो आजीच्या पाया पडायला वाकला. सासूबाईंनी पाय मागे घेतले.

"माज्या पाया नको पडू. माजं काम बोटीचं. बोट बघितली, झालं. पोरगं माजं नाय, हिचं हाय. हिला इचार."

एवढ्या वर्षांत त्या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि मला ते सोयीचंच होतं. मुलगा माझ्याकडे वळला. "आई?" एवढंच म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "मला नको आहे. मला भीती वाटते. मी इथं आले ते आजी नाही म्हणेल म्हणून आले."

मला वाटलं, तो आता वाद घालेल, माझी सगळी भाषणं मला ऐकवेल. मी तयार होते. तो म्हणाला, "बरं. नाही देत नाव." रुसून नाही, रागानं नाही. लहानपणी मी बर्फाचा गोळा नको म्हटलं की म्हणायचा तसंच. आणि मग खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. त्या बांधलेल्याच होत्या. त्यानं एक सोडली, पुन्हा बांधली. दुसरी सोडली.

मला हवं होतं ते मिळालं होतं. इतके दिवस मी दुसऱ्या बाईच्या तोंडून जे मागत होते, ते मी स्वतः मागितलं आणि त्यानं लगेच देऊन टाकलं. आणि मला ते हातात धरवेना. मघाशी त्या चाकापाशी जे तोंड मी बघितलं होतं ते आता नाड्यांमध्ये घातलेलं होतं. सासूबाई समुद्राकडे बघत होत्या; त्या काही मदतीला येणार नव्हत्या.

"ऊठ," मी म्हटलं. "दे नाव."

"आई, तू आत्ताच म्हणालीस..."

"ते खरं आहे आणि हेही खरं आहे. मला भीती वाटणारच आहे, तू परत येईपर्यंत दर वेळी. ती जावी म्हणून मला बोटी दाखवत फिरायचं नाही. दे नाव, आणि परत विचारू नकोस, नाहीतर मी पुन्हा नको म्हणेन."

तेवढ्यात नवरा आला. सासूबाईंच्या चपला मिळाल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या ऐवजी त्याला कोणाचे तरी निळे सँडल मिळाले होते आणि तो त्यावर खूश दिसत होता. माझ्या चपला बसबरोबर गेल्या होत्या. रिक्षा रस्त्यावर, मध्ये सगळी तापलेली वाळू. नवरा म्हणाला, निळे सँडल तू घाल. ते इतके मोठे होते की पहिल्याच पावलाला वाळूत राहिले.

मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या बुटांवर उभी राहा. मी म्हटलं, वेड लागलंय का, मी काही हलकी बाई नाही, लोक बघतायत. त्यानं मला काखेत धरून उचललं आणि आपल्या पायांवर उभं केलं. मी त्याचे खांदे धरले. तसंच, एक पाऊल, मग दुसरं पाऊल, तो मला घेऊन रस्त्याकडे चालायला लागला. कणसंवाली हसत होती. त्याचे बूट माझ्या वजनानं वाळूत रुतत होते. अर्ध्या वाटेवर पायाखाली सिमेंटची फरशी लागली, तीही झाडाच्या सावलीतली, गारच असणार. मी म्हटलं, सोड आता, उतरते मी.

"राहू दे, आई," तो म्हणाला. "अजून थोडं."